सल्ला हवा : राजापूरकडे ७०० चौ. फुटांचं घर, वर सड्याच्या कडेला की खाली जुन्या जोत्यावर?

काजूबी
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आईच्या माहेरची १४ गुंठे उताराची जागा आहे. वरचं टोक सड्याला, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराला लागून, तिथून खाडी दिसते. खाली आईच्या आजोबांच्या घराचं जोतं अजून शाबूत आहे. बाजूला विहीर, दोन रायवळ आंबे, एक फणस. मधल्या उतारावर काजू.
आम्ही दोघं आणि आई मे महिना, गणपती आणि अधूनमधून जाऊन राहणार. ७०० चौ. फूट पुष्कळ झालं. बजेट सगळं धरून १६ लाख, त्यापुढे एक रुपया नाही. अटी दोनच : झाड तोडायचं नाही आणि जेसीबी लावून उतार सपाट करायचा नाही.
घर वर की खाली? कौलं की स्लॅब? एसीशिवाय मे निघेल का?

पुणेरी_टोपी
१६ लाखांत काय होतंय! आमचं मुळशीचं घर २०१९ मध्ये ४२ लाखांवर गेलं, तेही फर्निचर सोडून. निदान ३० तरी धरा. आणि काचेची मोठी खिडकी खाडीकडे हवीच, नाहीतर एवढ्या लांब जायचं कशाला?

चिरेबंदी
खाडी पश्चिमेला असणार. त्या काचेवर जूनमध्ये झड आपटेल आणि मेमध्ये दुपारपासून ऊन. काच नको. पश्चिमेला चार फूट पागोळी बाहेर काढा, खाली पडवी घ्या, खिडक्या पडवीच्या आत राहू देत. दुपारनंतर खारा वारा तिकडूनच येतो, त्याला समोरासमोर वाट ठेवली की मे निघतो.
भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्याच्याच करा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. ताजा ओला चिरा लगेच भिंतीत घालू देऊ नका, आधी उन्हात पडू दे. बाहेरून गिलावा नको, नुसते सांधे भरा.

आप्पा_देवरूख
+१. पण गिलावा नाही केला तर शेवाळ धरतं हो. आमची पश्चिमेची भिंत श्रावणात हिरवीगार असते. आई म्हणते रंग द्या, मी म्हणतो फुकटचा रंग आहे.

शेंडेफळ७४
स्लॅबच घाला. आयुष्यभराची कटकट मिटते.

चिरेबंदी
कोकणात किती स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड दिसते ते मोजा आणि मग सांगा कटकट मिटते म्हणून.

शेंडेफळ७४
आमचा गळत नाही. वॉटरप्रूफिंग नीट करून घेतलं की नाही गळत.

मालवणी_खाजा
अगो बाय, कौलां घालशीत आणि माकडां वर नाचतली. आमच्याकडे दर वर्साक कौलां फुटतत. घर बंद ठेवतलंस तर फुटलेला कौल बघतलो कोण? एका पावसात वासे कुजतत.

भिंत_आणि_भिंग
मधला मार्ग सुचवतो. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात फिलर स्लॅब भरपूर वापरला. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, भार तिथली सळई घेते. म्हणून सळयांच्या चौकटींमध्ये जुनी मंगलोरी कौलं बसवायची. सिमेंट वाचतं, वजन घटतं आणि कौलाच्या पोकळीमुळे खोली थोडी थंड राहते. खालून दिसतंही छान. उतरता घातला तर पाणीही साचत नाही.

पुणेरी_टोपी
हे करणारा गवंडी राजापुरात कुठे मिळणार? पुण्याहून न्यावा लागेल. म्हणूनच म्हणालो ३० धरा.

भिंत_आणि_भिंग
दर वेळी ३० काय लावलंय. बाईंनी १६ सांगितलेत.

केळशीचा_पाहुणा
३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीतली कौलं अर्ध्या तासात गेली आणि शेजाऱ्यांचे पत्रे आमच्या पोफळीत आले. तेव्हा कौल की पत्रा हा वाद मला नका सांगू. छप्पर भिंतीला कसं बांधलंय ते बघा. वासे नुसते भिंतीवर टेकवलेले असतात, ते उडतात. भिंतीच्या माथ्यावर चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा घ्या आणि त्यातून वर आलेल्या बोल्टने वासे किंवा लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) पक्क्या करा.
जागेबद्दल : सड्याच्या अगदी कडेला वारा सगळ्यात जास्त. खाली आंब्यांच्या आडोशाला जोतं आहे ते उगीच नाही. जुन्या लोकांनी वारा आणि पाणी बघूनच जागा धरली.

आप्पा_देवरूख
हेच लिहायला आलो होतो. जोत्यावर बांधा. जोतं तयार आहे म्हणजे पायाचा खर्चही वाचला.

चिरेबंदी
जोत्याचा सांधा न तपासता वर बांधू नका. फणसाची मुळं आत शिरली असतील. कडेने दोन ठिकाणी खणून बघा. आणि खाली राहिलात तर शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, निदान ५० फूट लांब. वर बांधलंत तर हा प्रश्न आणखी वाईट होतो. जांभा सच्छिद्र असतो, वर खड्डा केलात की त्याचं पाणी मुरत मुरत खाली विहिरीत.

सौरचूल
सोलर विसरू नका! पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. मी बसवलं, बिल शून्य येतं.

शेंडेफळ७४
वर्षातून दीड-दोन महिने राहणाऱ्यांना ३ किलोवॅट कशाला? पंखे आणि फ्रिजच ना?

सौरचूल
उरलेली वीज महावितरणला जाते, वाया नाही जात. आधी माहिती घ्या मग बोला.

रानवाटा
वर बांधायचा विचार असेल तर एक गोष्ट. सडा म्हणजे पडीक कातळ नव्हे. पावसात तिथे पाण्याची डबकी भरतात, सीतेची आसवं फुलतात, बेडूक-खेकड्यांचं सगळं तिथेच चालतं. सड्यावर मुरलेलं पाणीच पुढे उतारावरच्या झऱ्यांना आणि विहिरींना येतं. काँक्रीटचं अंगण आणि लॉन करू नका, बाहेरची माती आणून तर अजिबात नको.
शिवाय राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही नावं ऐकली असतील. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. दगड हलवण्याआधी कातळ झाडून नीट बघा.

पुणेरी_टोपी
कातळशिल्प निघालं तर जागेचा भाव वाढेल की पडेल? 😀

केळशीचा_पाहुणा
उताराला हात लावणार नाही म्हणता ते उत्तम. २०२१ च्या जुलैत महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते आठवा. उतार कापला आणि पावसाचं पाणी वाट सोडून वळवलं की धोका वाढतो. काजूंच्या मध्ये पाण्याची जुनी वाट असेल ती मोकळी ठेवा. माती धरायला वाळा लावा.

काजूबी
सगळ्यांचे आभार. सातबारा काढला तेव्हा कळलं, जोतं आणि विहीर असलेला तुकडा सामाईक आहे. नावं एकोणीस, त्यातले निम्मे मुंबईत, दोघं कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. एक मामा सही करायला तयार नाहीत. आईच्या एकटीच्या नावावर वरचा तुकडा आहे.
तेव्हा घर वरच. कडेपासून जेवढं मागे घेता येईल तेवढं मागे, चिऱ्याच्या भिंती, पश्चिमेला पडवी. छपराला लोखंडी कैच्या आणि पत्रा, आतून बांबूच्या चटयांचं छत. कौलं आईलाही हवी होती, पण माकडांमागे धावायला तिथे कोणी नाही.

आप्पा_देवरूख
पत्रा?? एवढं सांगून पत्रा? पावसात आत बोललेलं ऐकू येणार नाही.

मालवणी_खाजा
पत्रो बरो. मी तेच सांगीत होतंय.

भिंत_आणि_भिंग
तू पत्र्याचं कधी म्हणालास?

चिरेबंदी
ठरलंच आहे तर ऐका. वर विहीर नाही, म्हणून छपराचं पाणी साठवा. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ७०० चौ. फूट म्हणजे ६५ चौ. मी., पाऊस ३००० मिमी धरला तर दोन लाख लिटरच्या आसपास पडतं. तुम्हाला तेवढं नको. तिघांना दिवसाला ३०० लिटर आणि मे महिना धरून ४५ दिवस, म्हणजे १३-१४ हजार. वीस हजारांची टाकी बांधा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडा, मग टाकीकडे वळवा. टाकी घराच्या आधी बांधून घ्या, बांधकामालाही तेच पाणी लागणार. संडासाच्या खड्ड्याचा तळ काँक्रीटचा करा, बाहेर पडणारं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडा. उघड्या कातळात मुरवू नका, सामाईक विहीर तुमच्याच खाली आहे.

काजूबी
टाकीचं पटलं. २० हजारांचीच घेते, म्हणजे मोरीच्या टाइल्स बजेटमधून गेल्या, साधी शहाबादी घालू.

नवा_गडी
धागा जुना झाला असेल तर माफ करा. चिरे कुठल्या खाणीतून घेतले आणि वाहतूक धरून काय पडले? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.