सोसायटीत भाडेकरू कोण असावा, हे कमिटीने ठरवायचं का?

इंद्रायणीकाठ

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाले आणि बघता बघता एक ठराव मंजूर झाला. भाड्याने घर देताना 'सोसायटीच्या वातावरणाला साजेशी' कुटुंबंच निवडावीत आणि आधी कमिटीला विचारावं. इतिवृत्तात एवढंच आहे. तोंडी बोलणं मात्र अगदी उघड होतं: मुसलमान नकोत, मटण-मासे करणारे शक्यतो नकोत, एकट्या राहणाऱ्या मुली तर नकोतच. मी विरोध केला. बाकी बहुतेक जण खाली बघत बसले, आणि मला जास्त लागलं ते हे.

मी देव मानत नाही. तरी सोसायटीच्या गणपतीची वर्गणी देते, आरतीला उभी राहते, खिरापत वाटते. शेजाऱ्यांच्या आनंदात माझा आनंद आहे म्हणून. पण त्याच शेजाराच्या नावाने कुणाला दारातून परत पाठवणार असाल तर मी गप्प बसणार नाही.

कायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सभासदाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, संपलं. भाडेकरूचा धर्म किंवा त्याचं ताट यात कुठेही येत नाही.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. तिथून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. शहरातल्या दोन स्नेह्यांना, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन, विचारलं. दोघांनीही घरच्यांची, नोकरांची अडचण सांगितली. 'आमची हरकत नाही हो, पण बाकीचे लोक...' हे वाक्य आमच्या सभेतही ऐकू आलं.

पानशेत६१

ताई, तुमची तळमळ कळते, पण मत पटलं नाही. सहकारी गृहनिर्माण या देशात सुरू कसं झालं ते बघा. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वतांनी सोसायटी काढली, ती आशियातली पहिली मानतात. दादरची पारशी कॉलनी घ्या, अनेक शहरांतल्या ज्ञातींच्या वसाहती घ्या. समान आचाराची माणसं पै-पै जमवून एकत्र आली म्हणून मध्यमवर्गाला घरं मिळाली. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटना करण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे.

आमच्या घरी सोवळं होतं. आई शेवटपर्यंत दुपारच्या पूजेला बसायची आणि समोरच्या घरातला मासळीचा वास तिला खरोखर सहन व्हायचा नाही. तिच्या मनात कुणाचा द्वेष नव्हता. म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेला थोडी जागा मागणं पुरोगाम्यांना इतकं का खुपतं?

इंद्रायणीकाठ

काका, तुमच्या आईंना त्रास व्हायचा हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्यावर बोलून मार्ग निघतो. खिडकीला एक्झॉस्ट लावता येतो, ओला कचरा वेळेवर खाली नेता येतो. माणूसच नको म्हणणं हा मार्ग नाही.

२००५ च्या निकालातल्या सोसायटीने ती अट नोंदणीकृत उपविधीत लिहिलेली होती. आमच्या उपविधीत असं काहीच नाही. उलट १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आणि स्पष्टच सांगते, तो निकाल मला पटलेला नाही. १९१५ ची सोसायटी मुंबईत नव्याने आलेल्यांनी आधार म्हणून उभारली. आज निम्मं शहर सोसायट्यांमध्ये राहतं. प्रत्येकीने असंच ठरवलं तर उरलेल्यांनी जायचं कुठे?

सातारी_तर्री

ताईंशी सहमत. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना, मराठी आहेत म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारली. केवढा गदारोळ झाला! सगळे पक्ष धावून आले. व्हायलाच हवा होता. पण मुंबईत 'नॉनव्हेज चालणार नाही' हे आपले कोकणी, मालवणी लोक कितीतरी वर्षं ऐकत आलेत. तिथे आपल्याला झोंबतं ते पुण्यात आपणच दुसऱ्याला करायचं, हे मला जमणार नाही. आमच्याकडे रविवारी मटण शिजतं. उद्या तुमच्या कमिटीसमोर मलाही उभं करतील.

घाटमाथा

मला एक कळत नाही. प्रश्न नेहमी हिंदू सोसायट्यांनाच का? मुंब्र्यात किंवा कोंढव्याच्या काही गल्ल्यांत हिंदू कुटुंब घर घ्यायला का धजत नाही, यावर धागा निघत नाही. भोंग्यांवर निघत नाही. गणपतीच्या स्पीकरवर मात्र दरवर्षी निघतो. सामान्य माणूस आयुष्याची कमाई फ्लॅटमध्ये घालतो. त्याला भीती वाटते, घराची किंमत पडेल असं वाटतं. ती भीती चुकीची असेल, पण तिला द्वेष म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तुम्ही असं बोलता म्हणूनच लोक सभेत गप्प बसतात आणि मतपेटीत बोलतात.

कोंढव्याची

मी बोलू का? माझा जन्म पुण्यातला, शाळा मराठी. फोनवर एजंट छान बोलतो, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मग नाव विचारतो. त्यानंतर 'मालकांचा विचार बदलला, मॅडम.' नोकरीच्या जागेजवळ घर हवं होतं म्हणून फिरले, थकले, आणि परत कोंढव्यात आले.

घाटमाथा, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. मुंब्रा एवढं फुगलं ते १९९२-९३ च्या दंगलींनंतर, मुंबई सोडून आलेल्या माणसांनी. भीती त्यांनाही होती, आणि त्यांच्या मागे जळलेली घरं होती. एकाच धर्माच्या वस्तीत राहायची मला अजिबात हौस नाही. तिथेही एकट्या बाईला सतरा प्रश्न विचारतात, उशिरा आलं की खिडक्या उघडतात. हमीद दलवाईंनी १९७० साली याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्या विचाराच्या घरातली मी. मुल्लांशी भांडायचं तर पाठीशी मोकळा शेजार लागतो. तुम्ही सगळे मला परत तिथेच ढकलता आणि मग विचारता, तुमच्यात सुधारणा का होत नाही?

इंद्रायणीकाठ

घाटमाथा, भोंग्याबद्दल माझं मत एकच आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट. अजान असो, डीजे असो की नेत्याचा वाढदिवस, सगळ्यांना हेच लागू. मशिदीच्या भोंग्याची तक्रार तुम्ही लिहा, मी सही करते. आमच्या चौकातल्या डीजेच्या तक्रारीवर तुम्ही कराल?

भीतीबद्दल तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे. सभेत गप्प बसलेल्यांशी मी घरोघरी जाऊन बोलणार आहे, भांडायला नाही.

घाटमाथा

डीजेच्या तक्रारीवर सही करेन, माझ्या वडिलांना हृदयविकार आहे. पण ठरावाबद्दल मत बदललेलं नाही. सोसायटी म्हणजे रेल्वेचा डबा नव्हे, तिथे आयुष्य काढायचं असतं. बहुमताला काहीच किंमत नाही का?

पानशेत६१

बहुमत पार्किंगवर, पाण्याच्या वेळेवर, रंगाच्या खर्चावर चालतं. माणसाच्या धर्मावर चालू नये, इतपत मी ताईंच्या बाजूला येतो. कोंढव्याच्या मुलीने लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. मात्र शाकाहारी लोकांनी स्वतःच्या पैशाने, आधी सांगून, लेखी अट घालून वेगळी सोसायटी उभारली तर तो त्यांचा हक्क आहे, हे मी सोडणार नाही.

इंद्रायणीकाठ

काका, त्यावर आपण भांडत राहू. तूर्तास सभेच्या इतिवृत्ताची प्रत लेखी मागितली आहे. विषयपत्रिकेत नसलेला इतका गंभीर विषय आयत्या वेळी मंजूर करणं हीच माझी पहिली हरकत. कमिटीने ठराव मागे घेतला नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाणार. पुण्यात कुणी अशी तक्रार केली असेल तर सोबत कोणती कागदपत्रं जोडली ते इथे लिहा.