सासूबाईंचं व्हिटॅमिन डी ९ आलंय: पावडर, कॅप्सूल की ड्रॉप्स?

मृण्मयी_ठाणे: सासूबाई ७६ वर्षांच्या, अल्झायमर मधल्या टप्प्यात. २५-हायड्रॉक्सी डी (रक्तातली डी ची पातळी) फक्त ९ नॅनोग्रॅम प्रति मिली. डॉक्टरांनी ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे लिहून दिलंय. कॅप्सूल चावून थुंकतात, डीची पावडर घातलेलं दूध अर्धंच पितात. काय द्यावं? महिना ३०० रुपयांत बसवायचंय.

शिरीष_क: परदेशी डी३+के२ स्प्रे घ्या. गालात मारायचा, गिळायची कटकटच नाही. हजाराच्या पुढे जातो, पण पुरतो खूप.

औषधवाला_सातारा: अहो, त्यांनी ३०० म्हटलंय. शिवाय रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर के२ (व्हिटॅमिन के) मुळे त्याचा परिणाम कमी होतो. ६०,००० ची ५ मिलीची पातळ बाटली मिळते, ती मागा. पावडरच द्यायची तर ग्लासभर दुधात नको, दोन-तीन चमचे साईच्या दुधात कालवून जेवणानंतर भरवा. पेल्यात दूध उरलं की डोसही उरतो. उपाशीपोटी तर देऊच नका, डी स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषलं जातं.

वैदेही_प: पातळ बाटलीच घ्या. पण ऊन?

शिरीष_क: सकाळी सातचं कोवळं ऊन उत्तम.

वैदेही_प: कोवळ्या उन्हात यूव्ही-बी, म्हणजे त्वचेत डी बनवणारे किरण, जवळजवळ नसतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन हवं, साधारण ११ ते २. बंद काचेच्या आत बसवून उपयोग नाही, यूव्ही-बी काचेतून येत नाही. हात-पिंढऱ्या उघड्या, डोक्यावर टोपी, आधी पाणी पाजा. तरी या वयात त्वचा डी कमीच बनवते, ९ वर नुसत्या उन्हाने भागायचं नाही.

दत्ता_नाशिक: एकदाच ६ लाखाचं इंजेक्शन द्या, मोकळे व्हा. डी वाढलं की विसरणंही थांबतं.

अनघा_नर्स: दोन्ही चूक. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. स्मरणाचं म्हणाल तर डी फार कमी असणाऱ्यांत अल्झायमर जास्त दिसतो, पण व्हायटल नावाच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत रोज २,००० युनिट देऊनही बुद्धीची घसरण मंदावली नाही. डी द्यायचं ते हाडांसाठी, स्नायूंसाठी.

ताई, खरी भीती दुबार डोसाची. पेशंट म्हणतो "मला दिलंच नाही", मग आया देते, संध्याकाळी घरचं कुणी देतं. आठवड्याचं औषध रोज गेलं की कॅल्शियम चढतं: बद्धकोष्ठता, तहान, उलट्या, गुंगी, जास्त गोंधळ. घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि कॅल्शियम कुणी तपासतच नाही. औषध कुलपात ठेवा, दिलं की लगेच कॅलेंडरवर खूण करा. फिट्सची फेनिटोइन किंवा बीपीची थायाझाइड गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. पहिलीने डी उतरतं, दुसरीने कॅल्शियम चढतं.

सुलू_मावशी: बी१२ केलंत का? शाकाहारी असतील तर आधी ते बघा. थायरॉइडपण.

औषधवाला_सातारा: बी१२ बघाच, पण धागा डीचा आहे. पातळ बाटली, जेवणानंतर, रविवारी.

मृण्मयी_ठाणे: सगळ्यांचे आभार. आठवड्याचं काहीच नको, असं ठरवलं. आया बदलत राहतात, वार कोण लक्षात ठेवणार? डॉक्टरांना फोन केला. रोज २,००० युनिटचे ड्रॉप्स चालतील म्हणाले, पातळी हळू चढेल एवढंच. दुपारच्या तूप-भाताच्या पहिल्या घासात मीच घालणार, एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. १२ आठवड्यांनी डी आणि कॅल्शियम दोन्ही तपासू. बी१२ चं रक्त उद्याच देतोय.