स्मरणिका, आरोग्याचं पान: हाडांची चौकट आज रात्री बंद करतेय

वैशाली:
मंडळी, फाइल उद्या सकाळी छापायला जाणार. फ्लोराइडच्या पानावर सध्या असं आहे: "फ्लोराइड जास्त झालं की हाडांची घनता कमी होते आणि हाडं मोडतात." मिलिंद म्हणतो छापू नका. चौकटीत तीनच ओळी मावतात, आणि मागच्या वेळसारखं चित्र लहान करणार नाही. काय ते ठरवा.

मिलिंद:
वैशालीताई, घनता बऱ्याचदा वाढते, तीच तर मेख आहे. हाडाच्या खनिजात हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतं, तिच्या जागी फ्लोराइड बसतं. हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, आधी चेकाळतात आणि भराभर हाड घालत सुटतात. पण ते कच्चं असतं: कोलॅजनची, म्हणजे हाडातल्या प्रथिनाच्या धाग्यांची, वीण विस्कटलेली, खनिज अर्धवट भरलेलं. मात्रा आणखी वाढली की त्याच पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो (ऑक्सिजनच्या घातक रेणूंचा मारा), मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे भाग, बिघडतात आणि पेशी मरू लागतात. अर्थात यातलं बरंचसं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर पाहिलेलं आहे, तेही बऱ्याचदा भल्यामोठ्या मात्रेत. त्यामुळे "पेशी मरतात" एवढंच छापून लोकांना घाबरवायलाही नको.

अनंतकाका:
मजकूर मी दिला आहे आणि आरोग्याचं पान पहिल्यापासून मी बघतो, हे नोंदवून ठेवतो. घनता वाढते तर हाड मजबूत व्हायला हवं! लोक हेच विचारणार आणि उत्तरं मला द्यावी लागणार. आणि कॅल्शियम कमी पडून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हॉर्मोन वाढतं, त्यानं हाड झिजतं, हे काय खोटं आहे?

शुभदा:
काका, खोटं नाही. आहारात कॅल्शियम कमी असेल तर तेही होतं, काही रुग्णांत मणका दाट आणि हातापायांची हाडं विरळ असंही दिसतं. पण दाट म्हणजे मजबूत, हे गणित 1990 मध्येच मोडीत निघालं. ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) असलेल्या 202 स्त्रियांच्या 4 वर्षांच्या चाचणीत एका गटाला रोज 75 मि.ग्रॅ. सोडियम फ्लोराइड दिलं. मणक्याची घनता 35 टक्के वाढली, तरी मणक्याची फ्रॅक्चर्स म्हणावी तशी घटली नाहीत. बाकीच्या हाडांची फ्रॅक्चर्स तर वाढली! कोपर ते मनगटामधल्या रेडियस हाडाच्या मधल्या दांड्याची घनता उलट 4 टक्के उतरली.

नीलिमा:
शुभदाताई, अगदी पटलं. सासूबाईंचा डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) रिपोर्ट इतका छान आला की डॉक्टरांनी अभिनंदन केलं. इकडे त्यांना खाली वाकता येईना. पुढे एक्स-रेमध्ये कण्याचे अस्थिबंध कॅल्शियम साचून पांढरे दिसले, तेव्हा कुठे कुणी विचारलं की पाणी कुठलं पिता. बोअरचं, वर्षानुवर्षं. बाकी काही बदला, खालची "पाणी उकळून प्या" ही ओळ मात्र ठेवा हं, उपयोगी असते.

मिलिंद:
ती तर आधी काढा! उकळल्यानं पाणी उडून जातं, फ्लोराइड तेवढंच राहतं. म्हणजे उरलेल्या पाण्यात प्रमाण वाढतंच. साधा कार्बन फिल्टरही फारसा उपयोगाचा नाही, आरओ लागतो.

सतीश (खजिनदार):
मागच्या कव्हरवर कार्बन फिल्टरवाल्यांचीच जाहिरात आहे. पैसे आलेले आहेत. फिल्टरबद्दल जरा जपून लिहा ही विनंती.

अनंतकाका:
जाहिरात बघून आरोग्याचं पान लिहायचं, असं या मंडळात कधीपासून ठरलं?

सतीश (खजिनदार):
काका, छपाईचं बिल आलं की बोलू.

शुभदा:
फिल्टरचं आपापसात बघा. प्रमाण मात्र टाकाच: जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 1.5 मि.ग्रॅ. आहे. आकडा नसेल तर वाचणारा टूथपेस्टच फेकून देईल. हाडांचं दुखणं यापेक्षा बरंच जास्त प्रमाण वर्षानुवर्षं पोटात गेलं की होतं.

वैशाली:
हे अंतिम: "वर्षानुवर्षं फार जास्त फ्लोराइड पोटात गेल्यास हाड दाट दिसतं, पण कच्चं राहतं आणि मोडू शकतं. सांधे, पाठ आखडतात. पाण्यात मर्यादा लिटरला 1.5 मि.ग्रॅ." उकळायची ओळ काढली. फिल्टरवर एक अक्षर नाही. अनंतकाका, खाली नाव तुमचंच.

मिलिंद:
शोषलेल्या फ्लोराइडचा मोठा वाटा मूत्रपिंडं बाहेर टाकतात, त्यामुळे किडनीच्या रुग्णांना धोका जास्त. चौथी ओळ मावेल?

वैशाली:
नाही.