गप्पी मासे सोडूनही डासांच्या अळ्या जात नाहीत, काय चुकतंय?

ओलावा:
बागेत तीन प्रकारचं पाणी आहे. 3 × 2 मीटरचं कमळाचं तळं, नळाच्या पाण्याने भरलेली 200 लिटरची उघडी पिंपं आणि कुंड्यांखालच्या बशा. तळ्यात आणि पिंपांत गप्पी सोडले. पिंपांतले दोन दिवसांत मेले. तळ्यातले जिवंत आहेत, त्यांना रोज खाणंही मिळतं, तरी कडेच्या पानांमध्ये अळ्या आहेतच. गप्पींऐवजी गांबुशिया मासे आणावेत का? वटवाघळांसाठी पेट्या लावून उपयोग होईल का? आसपास डेंगीचे रुग्ण आहेत.

पाणथळ:
पिंपांतले मासे बहुधा क्लोरीनने गेले. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. पण पुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, सोडियम थायोसल्फेटसारखं क्लोरीन-नाशक घालावं लागतं. मासे आणलेली पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तिच्यात थोडं थोडं पिंपातलं पाणी मिसळा आणि त्यानंतरच मासे सोडा. एका पिंपाला दोन-तीन गप्पी पुरतात. पिंप सावलीत हवं, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

तळ्याला चौरस मीटरमागे 5 ते 10 मासे धरा, म्हणजे तुमच्याकडे 30 ते 60. मुख्य म्हणजे खाणं घालणं आजच थांबवा, पोट भरलेला मासा अळ्यांच्या मागे कशाला जाईल? दाट पानं आणि तंतूसारखं शेवाळ यांत मासा शिरत नाही, आणि अळ्या नेमक्या तिथेच असतात. कडेची पानं छाटून पाणी मोकळं करा.

काठावरचा:
गांबुशिया कृपा करून नको. तो मूळचा अमेरिकेच्या दक्षिण आणि आग्नेय भागातला. डासांसाठी जगभर नेला गेला आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये आता उपद्रवी ठरलाय. दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, त्यांची अंडी आणि बेडकांची पिल्लं खातो. स्थानिक, पृष्ठभागावर चरणारा लहान मासा मिळाला तर तोच उत्तम. गप्पीही बऱ्याच ठिकाणी परकाच आहे, म्हणून तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा. पावसात मासे वाहून ओढ्यात जाता कामा नयेत.

सूक्ष्मदर्शी:
डेंगी पसरवणारा एडिस डास बहुतेक लहान भांड्यांत वाढतो, त्यामुळे तुमचा खरा धोका बशा आणि पिंपं. बशीत कोणताच भक्षक टिकणार नाही. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून घासा. एडिस पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या भरणीला पुन्हा अळ्या.

पिंपांसाठी मेसोसायक्लॉप्स बघा. जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा कवचधारी जीव, पण नुकत्या फुटलेल्या एडिसच्या अळ्या फस्त करतो. 1990 च्या दशकात व्हिएतनामच्या गावांत यानेच लोकांच्या सहभागातून एडिस हटवला गेला. मोठ्या अळ्या मात्र त्याला झेपत नाहीत, म्हणून आधी बीटीआयची मात्रा द्या. हा जिवाणू अळ्या मारतो, सायक्लॉप्स आणि मासे सुखरूप राहतात. मग पिंपामागे किमान 50 सोडा. मासे असलेल्या पिंपात सोडू नका, मासे त्यांनाही खातात.

वटवाघळं आणि उडणारे चतुर मिळेल तो कीटक खातात, डासांचा वाटा त्यात थोडा. एडिस दिवसा चावतो आणि वटवाघूळ रात्री निघतं. पेट्या लावायच्या तर वटवाघळांसाठी लावा, डेंगीसाठी नव्हे.

ओलावा:
पिंपातलं पाणी रोज उपसलं जातं. सायक्लॉप्स टिकतील?

सूक्ष्मदर्शी:
वरून उपसलं तर पुष्कळसे तळाशी राहतात. पिंप धुताना तळचं लिटरभर पाणी बादलीत काढून ठेवा आणि नंतर परत ओता. ते पाणी प्यायचं असेल तर दाट विणीच्या फडक्यातून गाळा. चाडसारख्या देशांत, जिथे नारू हा कृमीचा रोग अजून आहे, तिथे हे अटळ, कारण नारूची अळी सायक्लॉप्समधूनच माणसाच्या पोटात जाते.

तपासणीसाठी पांढरा डाव घ्या, आठवड्यातून एकदा तळ्याच्या कडेने दहा ठिकाणी पाणी काढून बघा. बारीक अळ्या दिसल्या तर घाबरू नका, भक्षक त्यांना गाठतील. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले तर मात्र दोनेक दिवसांत डास उडणार, तेव्हा ती जागा त्याच दिवशी साफ करा.