मालवणला ग्रुप नेताना अभयारण्याचे नियम कोणी आणि कसे ठरवायचे?

कर्वेनगरकर:
आम्ही काही मित्र पुण्यातून थंडीत वीकेंडला मालवण-तारकर्लीचे ग्रुप नेतो. स्नॉर्कलिंगच्या (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत तळ बघायचा) वेळी लोक फोटोसाठी प्रवाळावर चक्क उभे राहतात, कोणी माशांना पाव टाकतं, आणि बोट थांबवायची म्हणजे लोखंडी नांगर सरळ खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) सोडायचा, हे बघून फार वाईट वाटतं कारण मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतात म्हणे, मग एका नांगराने किती वर्षं गेली हिशोब करा. आम्हाला आमच्यापुरते नियम करायचेत पण पुण्यात बसून करणं बरोबर वाटत नाही. बोटवाले, मच्छीमार, वनखातं सगळ्यांना बरोबर घेऊन कुठे काम झालंय का?

मालवणी_हडपसरात:
दादा, प्रश्न चांगला विचारलात. आधी थोडा इतिहास. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौ.किमी., त्यातला गाभा म्हणजे सगळ्यात आतला भाग ३.१८, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. गावात तेव्हापासून एकच वाक्य ऐकतोय, "आमका कोणी इचारलांच नाय". मासेमारी बंद होणार ही भीती लोकांच्या मनात बसली ती बसलीच, त्यामुळे अभयारण्य म्हटलं की रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार) आजही सावध होतो. तेव्हा नियमांचा छापील कागद घेऊन जाऊ नका, आधी किनाऱ्यावर जाऊन बसा आणि ऐका. कुठल्या खडपात काय आहे, कुठे नांगर टाकला तर चालतो, हे त्यांना पाठ आहे.
आणि एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुण्यामुंबईचे ग्रुपवाले रेट पाडून मागतात. रेट पडला की बोटवाला एका फेरीत जास्त माणसं घेतो, गाईड एकाच्या जागी तिघं सांभाळतो, मग प्रवाळावर कोण उभं राहिलं हे बघायला त्याला वेळ कुठून मिळणार?

सागरिका_औंध:
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. काम झालेली उदाहरणं आहेत ना! वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, पैसे त्यांच्या हातात येतात म्हणून कांदळवन राखायला त्यांना कोणी सांगावं लागत नाही. जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन अडकला आणि जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही राज्याची योजना २०१८ पासून आहे. नुसतं "कासव वाचवा" सांगून फाटलेल्या जाळ्याचे पैसे कोण देणार होतं?
नांगराला उपाय म्हणजे कायमचे बोये. तळाशी वजन पक्कं बसवायचं, वर बोया तरंगतो, बोट त्याला दोरीने बांधायची. कॅरिबियनमध्ये बोनेर बेटाचं सागरी उद्यान १९७९ पासून आहे, तिथे डायव्हिंगच्या बोटी अशाच बोयांना बांधतात आणि देखभालीचा खर्च पर्यटकांच्या फीमधून निघतो.

कायद्याचं_बोला:
वन्यजीव कायद्यात कलम ३३ ब आहे, २००२ च्या दुरुस्तीने आलेलं. त्यात अभयारण्यासाठी सल्लागार समिती सांगितलीय, स्थानिक आमदार, पंचायत राजचे प्रतिनिधी, संस्थांचे लोक वगैरे, आणि आसपास राहणाऱ्यांचा सहभाग कसा घ्यायचा हे सुचवणं हे तिचं कामच आहे. पण मच्छीमारांना म्हणून वेगळी खुर्ची त्यात नाही, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ग्रामपंचायतीमार्फत त्यांचं नाव पाठवायला हवं. बोये बसवायचे तरी वनखात्याची लेखी परवानगी लागेल, कोणी परस्पर बसवू नये. आणि प्रवाळ शेड्यूल एकमध्ये (या कायद्यातली सगळ्यात कडक संरक्षणाची यादी) येतात, म्हणजे वाघाला आहे तेवढंच संरक्षण, हे ग्रुपला बसमध्येच सांगा.

कर्वेनगरकर:
खूप आभार सगळ्यांचे. रेटचा मुद्दा मनाला लागला. पुण्यातल्या आणखी ग्रुपवाल्यांशी बोलून प्रत्येक माणसामागे थोडी रक्कम बोयांसाठी वेगळी काढायची आणि एका गाईडमागे एकच माणूस असं सगळ्यांनी एकत्र ठरवलं तर बोटवाले मानतील का?

मालवणी_हडपसरात:
मानतील, पण ती रक्कम कोणाकडे जमा राहणार हे त्यांच्यासमोर ठरवा, पुण्यात ठेवू नका. आणि सप्टेंबरात जा, सीझन तेव्हा नुकता उघडतो, बोटवाल्यांना बोलायला वेळ असतो, दिवाळी आली की कोणी फोनसुद्धा उचलत नाही.