चित्रकला आणि कलाइतिहास एकाच वेळी शिकता येईल का?

मयूरपंख (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असून इतिहास हा माझा मुख्य विषय आहे. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली, आणि तेव्हापासून चित्रकला रीतसर शिकण्याची इच्छा आहे. मात्र गेल्या हिवाळ्यात विजापूर पाहून आल्यापासून इमारती, मूर्ती आणि चित्रे यांचा इतिहासही तितकाच ओढून घेऊ लागला आहे. वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डसाठी (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी) आलेखकागदावर डिझाइन उतरवण्याचे काम करतात. त्यांचा विरोध नाही, पण ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होऊ नयेत, एवढेच ते सांगतात. आता बी.ए. सोडून बी.एफ.ए.ला (ललितकलेच्या पदवीला) प्रवेश घ्यावा, की बी.ए. पूर्ण करून कलाइतिहासात एम.ए. करावे? आणि कलाइतिहास शिकणाऱ्याला स्वतः रंगवता येणे खरोखरच आवश्यक असते का?

गेरू (पुणे)

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. उत्तम चित्रकार असणे आवश्यक नाही. पण हात रंगात कधीच न बुडवता लिहिलेला कलाइतिहास मला नेहमी अर्धवट वाटत आला आहे. अजिंठ्याची चित्रे ही पाश्चात्त्य अर्थाने ओल्या चुन्यावरची भित्तिचित्रे नसून कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत, हे वाक्य मी परीक्षेत अनेकदा लिहिले आणि गुणही मिळवले. त्याचा अर्थ मात्र आम्ही काही जणांनी एका फळीवर माती, साळीचा कोंडा आणि वर चुन्याचा पातळ हात असा गिलावा करून त्यावर गेरू लावला तेव्हा समजला. डिंक कमी पडला, तर वाळलेला रंग बोटाला लागत होता. जास्त झाला, तर चौथ्या दिवशी पापुद्रे सुटले. त्यानंतर अजिंठ्यात पोपडे गेलेल्या जागा पाहताना माझे लक्ष केवळ जातककथेवर राहिले नाही.

आपल्याकडे हे दोन विषय मुळात इतके दूर नव्हतेच. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रती करून घेतल्या. त्यांतील बऱ्याच प्रती पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, तरीही ते काम एकाच वेळी चित्रकलेचा सराव आणि कलाइतिहासाची नोंद होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली, तेथे चित्रकलेचे स्टुडिओ आणि कलाइतिहासाचा विभाग शेजारीशेजारी आहेत, आणि गुलाममोहम्मद शेख यांच्यासारख्या चित्रकाराने तेथे कलाइतिहासही शिकवला आहे. तुमचा कल पाहता बी.ए. पूर्ण करून तेथील कलाइतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विचार करावा, असे मी सुचवेन. पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्याव्यात.

निवृत्त कलाशिक्षक (सोलापूर)

वरील उत्तर मला पटले, पण त्यात वेळेचा हिशेब नाही. बी.एफ.ए. हा चार वर्षांचा आणि दिवसभराचा अभ्यासक्रम असतो. स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, रचनाचित्र आणि वर सबमिशनची रात्र. मी स्वतः ज्या संस्थेत शिकलो (तिचे नाव येथे नको), तेथे कलाइतिहास आठवड्यातून दोन तास, तोही टीपा उतरवून घेण्यापुरता होता आणि आम्ही तो फळ्यावरील सनावळ्यांसारखा पाठ केला. ‘बी.एफ.ए. केले की कलाइतिहास आपोआप येतो’ या भ्रमात राहू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास मुभा दिली आहे. दोन्हींसाठी वर्गात हजर राहायचे असेल, तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक पदवी दूरशिक्षणाने करता येते. त्यामुळे बी.एफ.ए. प्रत्यक्ष आणि इतिहासाची बी.ए. दूरशिक्षणाने, हा मार्ग कागदावर तरी मोकळा आहे. शरीराला तो झेपेल का, हे तुम्ही ठरवावे.

आता वडिलांविषयी. चादरीवरच्या मोराची मान गोल न दिसता पायऱ्यापायऱ्यांची का दिसते, हे एखादा पुस्तकी अभ्यासक ‘शैलीकरण’ म्हणून सोडून देईल. तुम्हाला मात्र घरातच ठाऊक आहे की आलेखकागदावरचा एकेक चौकोन पुढे मागाच्या धाग्यांचे उचलणे ठरवतो आणि वळण त्या चौकोनांतूनच काढावे लागते. वडिलांशेजारी बसून एक डिझाइन पूर्ण उतरवा. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या टेबलावर आहे.

उरलेले निम्मे हत्तरसंग कुडलला मिळेल. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील या मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख सर्वांना ठाऊक असतो, पण मी विद्यार्थ्यांना तेथील बहुमुखी शिवलिंगासमोर बसवतो. पाहणारा दोन मिनिटांत ‘किती मुखे!’ म्हणून पुढे जातो. काढणाऱ्याला एकच ओळ उतरवायला दीड तास लागतो, आणि तेवढ्या वेळात एकसारखी वाटलेली मुखे एकेक करून वेगळी होऊ लागतात.

उभा-आडवा (लातूर)

नोकरीचे कोणी बोलत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. नेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता) परीक्षेत दृश्यकला हा एकच विषय असून चित्रकला, शिल्प, उपयोजित कला आणि कलाइतिहास हे सर्व त्याच्याच पोटात येतात. पुढे अध्यापनात जायचे असल्यास दोन्हींची तयारी वाया जाणार नाही.

मयूरपंख (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. सर, आपला प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी कपाटातून एक जुना आलेखकागद काढला आणि मोराच्या मानेचे वळण तीन, दोन, एक, एक, दोन, तीन अशा चौकोनांनी कसे फिरवले आहे ते मला मोजायला लावले. एक चौकोन चुकला तर मान मोडल्यासारखी दिसते, असे ते म्हणाले. तूर्त बी.ए. सोडत नाही. संध्याकाळी रेखाटनाचा वर्ग लावते आणि तिसऱ्या वर्षी बडोद्याचा अर्ज भरते. येत्या रविवारी आम्ही दोघे कुडलला जाणार आहोत. तेथे चारकोल न्यावा की पेन्सिल?

निवृत्त कलाशिक्षक (सोलापूर)

४बी पेन्सिल न्यावी. फिक्सेटिव्ह (रेखाटन पक्के करणारा फवारा) मारला नाही, तर चारकोल घरी पोहोचेपर्यंत समोरच्या पानावर उतरलेला असतो. आणि बसायला एखादी जुनी चादर घ्या. दगड अकरा वाजताच तापतो.