चौथीतल्या मुलाला ऑटिझम आणि डिस्लेक्सिया दोन्ही : शाळेकडे नेमकं काय मागायचं?

कोपरखैरणे_पालक
मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यम, सीबीएसई. खासगी क्लिनिकच्या रिपोर्टात सौम्य ऑटिझम (स्वमग्नता) आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अक्षमता), दोन्ही लिहिलंय. तोंडी विचारलं तर उत्तरं बरोबर येतात, फळ्यावरचं उतरवताना मात्र अर्धं राहतं. शाळा म्हणते, आधी सरकारी दिव्यांग सर्टिफिकेट आणा आणि तुमच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस, ठेवा, मग बघू. तोवर काहीच मागता येत नाही का? अर्जात काय लिहायचं?

विशेष_शिक्षिका_ठाणे
मागता येतं. चौथीच्या परीक्षा शाळा स्वतः घेते, त्यात बोर्डाला विचारायचा प्रश्नच नाही. आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट सुरुवातीला पुरतो. अर्जात दिव्यांग हक्क कायदा २०१६ ची कलमं १६ आणि १७ लिहा. शिकण्यातली अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं त्यात आहे. मान्यताप्राप्त शाळांमध्ये हे होतंय की नाही हे बघणं सरकारचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, म्हणून अर्जाची एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला द्या. दोन्हीकडे आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी ठरलेलं वर्गशिक्षिका बदलली की संपतं.

"मुलाला सहकार्य करावे" असं लिहूच नका. शाळा म्हणणार, करतोच आहोत. असं लिहा : "फळ्यावरचा मजकूर तासाच्या सुरुवातीला छापून द्यावा. चाचणीत तासाला वीस मिनिटं जादा द्यावीत. प्रश्न वाचून दाखवावेत. भाषेचा पेपर सोडून इतर विषयांत स्पेलिंगचे गुण कापू नयेत. वर्गात सर्वांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये." शेवटच्या ओळीला शाळेला काहीच खर्च नाही, पण तिचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

वाशी_ओटी
वरचं सगळं डिस्लेक्सियाचं झालं. दोन्ही एकत्र असले की एकाचा उपाय दुसऱ्याला नडतो, आणि शाळा इथेच चुकते. लेखनिक घ्या. नुसत्या डिस्लेक्सियाच्या मुलाला तो वरदान. ऑटिझमच्या मुलाला मात्र परीक्षेच्या दिवशी अनोळखी माणूस शेजारी बसतो आणि उत्तर येत असून तोंड उघडत नाही. म्हणून आधी घरच्या माणसाला, मग शाळेतल्या ओळखीच्या शिक्षिकेला, मग नव्या माणसाला उत्तरं सांगायचा सराव द्या, प्रत्येक टप्पा रुळल्यावर पुढचा. जादा वेळेचंही तसंच. बाकीची मुलं घंटा वाजल्यावर उठून जातात आणि हा एकटा बसून राहतो, वेळ बदलली म्हणून बिथरतो. वेगळी खोली द्या, जादा वेळ सुरुवातीलाच धरून घड्याळात संपायची वेळ दाखवा, आणि हे आदल्या दिवशी सांगा.

हिंदी-मराठीत वेलांटी, मात्रा, जोडाक्षरं सुटतात, घ-ध आणि भ-म उलटसुलट होतात. अक्षरं मोठी, ओळींत अंतर आणि एका पानावर कमी प्रश्न ठेवले की फरक पडतो. रंगीत चित्रांची सजावट नको, लक्ष तिकडेच जातं. बाक पंखा, स्पीकर आणि दारापासून लांब. सूचना एका वेळी एकच.

कागदपत्रवाला
सर्टिफिकेटचं काम याच वर्षी सुरू करा. साधारण आठ वर्षांच्या आत डिस्लेक्सियाचं निदान पक्कं धरत नाहीत, तुमचा मुलगा त्यापुढे आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. अर्जात जिल्हा नीट भरा, कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर-कामोठ्याची मंडळी लक्षात ठेवा, तुमचा जिल्हा रायगड. नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. शिकण्यातल्या अक्षमतेच्या तपासणीसाठी सायन हॉस्पिटलमध्ये वेगळं क्लिनिक आहे. ठाण्या-नवी मुंबईतली बरीच मुलं तिथे जातात. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन. शाळेच्या वह्या, विशेषतः चुकांनी भरलेल्या, घेऊन जा. नीट पुन्हा लिहून घेतलेल्या वह्या नेल्या तर काम बिघडतं.

ऑटिझमसाठी आयएसएए नावाची चाळीस मुद्द्यांची चाचणी. गुण ४० ते २००. सत्तर गुणांना ४० टक्के अक्षमता धरतात, त्याखाली गेलात तर त्या निकषात ऑटिझम धरत नाहीत. सौम्य असल्यामुळे तुमचं गणित काठावरचं. पालक डॉक्टरांसमोर "घरी अगदी शहाणा आहे" म्हणतात आणि इथेच अडतं. जत्रेत, लग्नात, शाळा बदलताना काय होतं ते सांगा. आणखी एक, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात ऑटिझम बसतो, नुसता डिस्लेक्सिया बसत नाही. म्हणून दोन्हीची नोंद स्वतंत्र करून घ्या.

कोपरखैरणे_पालक
आणि शॅडो टीचरचं?

विशेष_शिक्षिका_ठाणे
ही अट घालून प्रवेश किंवा वर्ग अडवत असतील तर लेखी मागा. लेखी द्यायला बहुतेक शाळा कचरतात. खरंच गरज आहे का हेही पाहा. तुम्ही लिहिलंय त्यावरून अडचण उतरवून घेण्यात आहे, बसण्यात नाही. अशा मुलाजवळ पूर्ण वेळ माणूस बसवला की तो शिक्षिकेकडे बघायचंच सोडून देतो. छापील नोट्स आणि आठवड्यातून दोन-तीन तास विशेष शिक्षिका, एवढं एक सत्र मागून बघा. वाशीतल्या महापालिकेच्या ई.टी.सी. या दिव्यांगांसाठीच्या केंद्रात आधी चौकशी करा. शाळा ऐकत नसेल तर शिक्षणाधिकारी, मग मुंबई विभागाचे शिक्षण उपसंचालक, त्यानंतर पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालय. प्रत्येक ठिकाणी आधीच्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडा.